लानताईची काळी बरणी

माझ्या खिडकीत एक काळी बरणी आहे. तिच्यातून जुन्या, आंबूस चहाचा वास येतो आणि सूनबाई दर आठवड्याला विचारते, ही एकदा घासून ठेवू का. मी दर आठवड्याला तिच्या अंगावर ओरडते. मग ती माझ्या मुलाकडे बघते आणि मुलगा छताकडे. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय असं दोघांना वाटतं, तर वाटू दे. ही बरणी मी आयुष्यात एकदाच घासली आहे आणि तेवढं पुरे झालं.

बरणी लानताईची, जाताना तिने मला दिलेली. श्योंग चिनलान हे तिचं पूर्ण नाव, पण आमच्या चिनीमातीच्या कारखान्यात तिला सगळे लानताईच म्हणायचे, तिच्यापेक्षा वयाने मोठे होते तेसुद्धा. निळ्या चित्रकामाच्या खोलीत आमची बाकं तेवीस वर्षं शेजारी होती. भांड्यावर रेघांनी चित्र काढायचं काम माझं आणि त्या रेघांच्या आत रंग भरायचं तिचं. भरण्याच्या कामाला आमच्याकडे पाणी वाटणं म्हणतात. भांडं कच्चं असतं, नुसती वाळलेली माती. पाणी लागलं की ती गटकन पिऊन टाकते. कुंचला कोंबडीच्या डोक्याएवढा जाड आणि रंगाच्या पाण्याने टच्च भरलेला. त्याचं टोक मातीला टेकवायचं नाही, फक्त टोकाशी लोंबणारा थेंब टेकवायचा, तो रेघांच्या आत फिरवायचा आणि उरलेलं पाणी पुन्हा कुंचल्यात ओढून घ्यायचं. जरा रेंगाळलं की डाग पडलाच. त्यात भट्टीत जाईपर्यंत रंग राखाडी-काळाच दिसतो, निळा होतो तो भट्टीत, त्यामुळे आज केलेली चूक पंधरा दिवसांनी कळते. भांडं चांगलं निघालं तर वाहवा रेघा ओढणारीची, वाईट निघालं तर बोलणी पाणी वाटणारीला. हा नियम माझ्या सोयीचा होता म्हणून मी कधी त्याबद्दल तक्रार केली नाही.

लानताई बुटकी, रुंद बांध्याची, कान मोठे. जेवताना कच्ची लाल मिरची अशी खायची की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. चौदाव्या वर्षी ती दाइ शिफूंच्या हाताखाली शिकायला बसली. शिफू म्हणजे काम शिकवणारा गुरू, आणि या शिफू म्हणजे एक खडूस बाई. दोन वर्षं त्यांनी लानताईला फक्त कुंचले धुवायला लावले. रंगाची पूड आमच्याकडे साध्या पाण्यात कालवत नाहीत, जो तो आपापल्या चहात कालवतो. दाइ शिफूंची चहाची एक बरणी होती. तिच्यात जून, राठ पानं आणि काड्या उकळून उकळून केलेला काढा असायचा. कमी झाला की नवा ओतायचा, पण बरणी कधी रिकामी करायची नाही आणि कधी घासायची नाही. का, ते शिफूंनी सांगितलं नाही आणि त्यांना विचारण्याची कोणाची छाती नव्हती. जाताना त्यांनी ती बरणी लानताईला दिली.

मध्ये काही वर्षं अशी आली की वरच्या हुकमाने चित्रं काढणाऱ्यांना कोळसा वाहायला पाठवलं गेलं. लानताईने दोन वर्षं कोळसा वाहिला. त्या दोन वर्षांत बरणी तिच्या पलंगाखाली होती आणि ती दर आठवड्याला काड्या उकळून तिच्यात ओतत होती. तिच्या नवऱ्याने एकदा विचारलं होतं, आता तू परत कुंचला धरणार आहेस का. ती म्हणाली होती, मी नाही धरला तर कोण धरणार?

आता माझा पराक्रम सांगते.

त्र्याऐंशी सालच्या मार्चमध्ये आमच्याकडे स्वच्छतेची मोहीम निघाली. तपासणीला वरचे लोक येणार म्हणून खिडक्या, बाकं, भिंती, सगळं धुवायचं होतं. नेमकी तेव्हाच लानताई वीस दिवस माहेरी, लफिंगला गेली होती, वडिलांचं कमरेचं हाड मोडलं म्हणून. आमच्या बाकांची जबाबदारी माझ्यावर आली. मला स्वच्छतेची हौस, आणि त्याहून जास्त हौस शाबासकीची. ती काळी, चिकट, वास मारणारी बरणी बघून मला वाटलं, ही दिसली तर आपला नंबर गेलाच. मी काढा गटारात ओतला आणि राख घेऊन बरणी आतून लख्ख घासली. आतून ती पांढरी आहे हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

घासल्यावर मात्र वाटलं, लानताई काय म्हणेल. भरपाई म्हणून मी काय करावं? माझा भाऊ फूल्यांगच्या डोंगरात चहा करतो. पूर्वजांच्या थडग्यांना जायच्या सणाआधी खुडलेली कोवळी टोकं, वर्षातला सगळ्यात चांगला चहा, त्याने मला नुकताच पाठवला होता. त्याच्या कढईला एक चीर आहे, त्यामुळे त्या चहाला किंचित धुराचा वास लागतो आणि त्यावरून आम्ही त्याला चिडवतो. पण चहा एक नंबर. मी स्वतः तो मोजून मोजून पिते. तो सगळा मी बरणीत घातला. राठ काड्यांच्या जागी अमृत घातलं असंच मला वाटत होतं. रंगाला उत्तमातलं उत्तम दिल्यावर रंग रुसेल असं आमच्या गावात कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

लानताई परत आली. तिने झाकण काढलं, वास घेतला, आत बघितलं.

"पिंग, बरणी कोणी घासली?"

"मोहीम होती ना," मी म्हटलं. "सगळंच घासलं."

हे खोटं नव्हतं. फक्त त्यात माझं नाव नव्हतं. तिने पुन्हा एकदा वास घेतला आणि म्हणाली, चहा भारी दिसतोय, रंगालाही एकदा चांगलंचुंगलं खाऊ दे. आणि कामाला बसली.

दुसऱ्याच दिवशी ती कुरकुरायला लागली की रंग बसतोय. वाटीत कालवलेला रंग ढवळून ती कुंचला बुडवायची, तोवर पूड खाली जायला लागलेली असायची. वर पाणी फिकट, खाली गाळ. ती पुन्हा पुन्हा ढवळायची. ढवळताना थेंब वाळायचा, थेंब वाचवताना गाळ बसायचा. तरी तिने कमळाचं मोठं ताट पुरं केलं. ते भट्टीतून निघालं तेव्हा पानांवर वाळू शिंपडल्यासारखे काळे ठिपके होते. मग एक उंच फुलदाणी केली. तिच्यावर निळ्याचे ओघळ.

आमचे विभागप्रमुख ओउयांगसाहेब तसे वाईट माणूस नव्हते. पण त्या वर्षी प्रांताच्या प्रदर्शनाला आमच्या खोलीतून मासे पाळायचा एक मोठा हंडा जायचा होता, दोन माणसांनी उचलावा एवढा, भोवती सगळं कमळांचं तळं. त्याची धास्ती त्यांनी घेतली होती. त्यांनी पूड तपासायला लावली, पाणी तपासायला लावलं, कुंचले बदलून दिले. सगळं ठीक निघालं. मग उरलं काय? उरला लानताईचा हात. चाळिशी उलटली की पाणी वाटणाऱ्यांचा हात जातो असं आमच्याकडे बोललं जातं, आणि ती एक्केचाळीस वर्षांची होती. खोलीत कुजबुज सुरू झाली. ती चालली की बायका तिच्या हाताकडे बघायच्या.

ओउयांगसाहेबांनी तिला बोलावून सांगितलं की हंडा नव्या मुलीला देऊ या आणि तू थोडे दिवस भांडी पेंढ्यात बांधायच्या अंगणात बस, पेंढ्याचं काम हलकं असतं. थोडे दिवस म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या अंगणातून कुंचल्याकडे परत आलेलं माणूस मी पाहिलं नाही. लानताईने त्यांच्यासमोर दोन्ही हात पुढे धरले, बोटं पसरून. ते बघतच राहिले. बोटं अजिबात हलत नव्हती.

"दहा दिवस द्या," ती म्हणाली. "दहा दिवसांत रंग का बसतो ते नाही सांगितलं तर मी स्वतः पेंढा वळायला जाते."

त्यांनी दहा दिवस दिले. एवढ्या मोठ्या हंड्यावर पाणी वाटायला नवी मुलगीही घाबरत होती, हे त्यामागचं खरं कारण.

लानताईने दवाखान्यातून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या मागून आणल्या, रबरी बुचांच्या. प्रत्येकीत चिमूटभर तीच पूड आणि वेगवेगळं पाणी. एकीत विहिरीचं, एकीत नदीचं, एकीत तांदळाचं धुवण, एकीत बरणीतला चहा. हलवून खिडकीत ओळीने ठेवायच्या आणि बघत बसायचं. साध्या पाण्यातली पूड पेज पिऊन होईतो तळाला गेली. तांदळाच्या धुवणात ती टिकली, पण कुंचल्याला चिकट लागायला लागली. बरणीतल्या माझ्या अमृतातली पूड दुपारच्या जेवणापर्यंत बसली. ती बाटली बघताना मला कसंतरी झालं. तरी मी मनाला समजावलं, एवढ्या चांगल्या चहाचा दोष कसा असेल.

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी तिने खानावळीतला चहा आणला. कामगारांसाठी मोठ्या पातेल्यात दिवसभर रटारटा उकळणारा, काड्यांचा, जिभेला करवतीसारखा लागणारा. तिने आधी एका बाटलीत साध्या पाण्यात त्याचे दोनच थेंब टाकले, हलवलं आणि ठेवलं. पूड साध्या पाण्यापेक्षाही लवकर बसली. दुधासारखी फाटली, गोळे गोळे झाले आणि धपकन खाली. सगळ्या बायका हसल्या. मला तर हायसंच वाटलं. चला, चहाचा काही संबंध नाही, म्हणजे माझा काही संबंध नाही.

"सोड गं आता," मी म्हटलं. "उलट बिघडलंच की."

"बिघडलं म्हणजे त्याच्यात काहीतरी आहे," लानताई म्हणाली. "काहीच नसतं तर बिघडलंही नसतं."

माणसाने हट्टी असावं तर असं. मी तिच्या जागी असते तर बाटल्या फेकून पेंढा वळायला गेले असते. तिने थेंब दुप्पट केले, मग चौपट. बाटल्या फाटतच होत्या. शेवटी तिने पाणी घातलंच नाही. खानावळीतला चहा दोन दिवस आटवून काळा केला, एका बाटलीत पूड टाकून तो गळ्यापर्यंत भरला आणि घरी गेली.

आठव्या दिवशी सकाळी ती बाटली वरपासून खालपर्यंत काळी होती. कशी ठेवली होती तशीच. दुपारीही तशीच. लानताईने ती उचलून उजेडात धरली, तळाशी बोट लावून बघितलं आणि शांतपणे मिरची खायला बसली. मी शेजारी बसून त्या बाटलीकडे बघत होते. पूड चांगली होती, पाणी चांगलं होतं, तिचा हात चांगला होता. वाईट होती ती फक्त माझी राख आणि माझं अमृत.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत लियाओ म्हणून एक इंजिनिअर होता, नुकताच शिकून आलेला, चष्मा नाकावरून सारखा घसरायचा. त्याला ती फाटलेली आणि ती न फाटलेली अशा दोन्ही बाटल्या दाखवल्या. तो एवढा खूश झाला की चष्मा सावरायचंच विसरला. तो म्हणाला, पुडीचे कण पाण्यात सारखे एकमेकांवर आपटतात, आपटले की चिकटतात, चिकटले की जड होऊन बसतात. जून पानं, काड्या पुष्कळ उकळल्या की त्यातून लांबच लांब धागे सुटतात, डोळ्यांना न दिसणारे. ते कणाला जागोजागी चिकटतात आणि उरलेले बाहेर मोकळे लोंबतात. म्हणजे प्रत्येक कण दुलई पांघरून बसतो. दोन दुलया एकमेकींना ढकलतात, मग कण जवळ येऊच शकत नाहीत.

"मग दोन थेंब टाकल्यावर का फाटलं?" लानताईने विचारलं.

"दोन भावंडांत एकच दुलई दिली तर काय होतं, ताई? एक टोक हा ओढतो, दुसरं तो ओढतो आणि दोघं एकाला एक चिकटून झोपतात. दुलया सगळ्यांना पुरल्या पाहिजेत."

"आणि कोवळा चहा?"

"मला वाटतं त्याचे धागे आखूड. तोकडी दुलई. तो तोंडाला चांगला, रंगाला नाही."

लानताईने दोन्ही बाटल्या पुन्हा उजेडात धरल्या. मग म्हणाली, म्हणजे माझी म्हातारी खडूस नव्हती, तिला माहीत होतं. लियाओ म्हणाला, कारण नसेल माहीत, पण बरणीला माहीत होतं. एवढ्या वर्षांचे धागे त्या काढ्यात साठले असणार. हे ऐकताना मी रेघांच्या कुंचल्याचे केस उगाच विंचरत होते.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ती जे आठ दिवस शोधत होती ते मी एका वाक्यात सांगू शकले असते. पण आधी मला वाटलं नाही की दोष चहाचा आहे, आणि वाटलं तेव्हा मला लाज वाटली, आणि लाज वाटली तेव्हा उशीर झाला होता. भित्र्या माणसाला कारणं भरपूर सुचतात.

लानताईने ओउयांगसाहेबांच्या टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या आणि हंडा मागून घेतला. बरणी तिने खानावळीच्या काढ्याने भरली. मला म्हणाली, पिंग, तू रेघा ओढ, घाई करू नकोस. मी तीन दिवस रेघा ओढल्या. पानं, कळ्या, देठ, पाण्यात बुडालेलं एक पान, त्याच्याखाली दोन मासे. मनात काहीही असलं तरी हात आपलं काम करतो, हे मला तेव्हा कळलं.

मग ती बसली. पाच वाट्या, सगळ्यात गडदपासून सगळ्यात फिकटपर्यंत. हंडा दोघींनी तिरका धरला होता आणि ती थेंब पानाच्या कडेला टेकवून आत ओढत होती. थेंब पानावरून एकसारखा सरकायचा आणि मागे समान ओल ठेवून जायचा. वाटीत ढवळायला ती एकदाही थांबली नाही. चार दिवस ती जेवायच्या सुट्टीशिवाय कोणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी कुंचला धुऊन उलटा टांगला आणि म्हणाली, आता भट्टी जाणे.

भट्टी उघडली तेव्हा सगळी खोली तिथे जमली होती. हंडा बाहेर आला, अजून कोमट. बुडालेलं पान वरच्या पानापेक्षा खरंच खोल दिसत होतं. एक ठिपका नाही, एक ओघळ नाही. ओउयांगसाहेब त्याच्याभोवती दोनदा फिरले.

"हात परत आला म्हणायचा, लानताई."

"हात कुठं गेला नव्हता, साहेब. चहा गेला होता."

त्यांनी विचारलं, चहा कसा गेला. ती म्हणाली, मोहिमेत बरणी घासली गेली. झालं. पुढे कोणी विचारलं नाही, सगळे हंडा बघण्यात गुंतले. मीही त्यांच्यात घुसून हंडाच बघायला लागले.

दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. ती कुंचला धूत होती. मी तिच्याकडे न बघता बोलले.

"लानताई, बरणी मी घासली. तो चहा माझ्या भावाचा होता."

"माहितीय."

"कधीपासून?"

"आले त्या दिवशी झाकण काढलं तेव्हापासून. दरवर्षी तुझ्याकडे पिते की तो चहा. त्या फुटक्या कढईचा धूर मला कळत नाही होय?"

मी विचारलं, मग बोलली का नाहीस, तुझं बाक चाललं होतं. तिने कुंचला झटकला आणि त्याचं टोक दोन बोटांनी नीट केलं.

"आधी मलाच कुठं ठाऊक होतं चहानं काय होतं ते. कळलं तेव्हा हंडा समोर होता. बोलले असते तर तुझी रेघ थरथरली असती. रेघ थरथरली की मी आत कितीही पाणी वाटलं तरी काय उपयोग? मला तो हंडा करायचा होता, पिंग."

मी रडले. ती समजूत घालायच्या भानगडीत पडली नाही, ती तिची रीतच नव्हती. पुढचं ताट आणून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, काम पडलंय. मी डोळे पुसून रेघ ओढायला घेतली, आणि आता मात्र ती थरथरली. कमळाच्या पानाची कड, चांगली बोटभर, वाकडीतिकडी. मी ओला बोळा घेऊन ती पुसायला गेले.

"राहू दे," लानताई म्हणाली. "जून पानाची कड अशीच असते."

तिने ताट आपल्याकडे ओढलं, घासलेल्या बरणीतून नवा काढा वाटीत ओतला आणि त्या वाकड्या रेघेच्या आत पाणी वाटायला लागली. ते ताट पहिल्या प्रतीत पास झालं.